भुश्या टिचकीवर गुरगुरला

या, असे पुढे सरका. तिकडे दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल आणि उरलेली अर्धी तुम्हाला खोटी वाटेल. आजची गोष्टही त्या दरवाजे करणाऱ्या घराचीच आहे, पण आज मानाची जागा कुत्र्याला. देवानं जीव घडवताना कुणाला आवाज दिला, कुणाला नुसते डोळे दिले, आणि कुणाला दोन्ही देऊन समज द्यायची तेवढी राहून गेली. ती तिसरी जात म्हणजे आपण. तर ऐका.

शनिवारी संध्याकाळी भुश्या टिचकीवर दात काढून धावला, आणि रविवारी सकाळी धाकट्या सुनेची बॅग भरून दारात उभी राहिली.

वखार जळाली तेव्हा जे घर फुटलं नाही, दोघा भावांनी सबंध वर्षभर एकमेकांशी अबोला धरला तेव्हाही जे फुटलं नाही, ते आता एका कुत्र्याच्या दातांवर येऊन अडलं होतं. धाकटीनं सरळ सांगून टाकलं होतं. आज दुपारपर्यंत कुत्रा घरातून गेला नाही, तर ती लेकीला घेऊन बहिणीकडे जाणार, आणि परत कधी येणार ते सांगणार नाही.

थोरली सून स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यासमोर उभी होती. भुश्याला तिनं भुशाच्या पोत्यातून काढलं होतं. डोळे न उघडलेलं पिल्लू, अंगभर लाकडाचा भुसा, नाकात भुसा, म्हणून नाव भुश्या. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिनं त्याला वाढवलं. आणि टिचकी, धाकटीची लेक? थोरलीची स्वतःची लेक शिकायला परगावी गेल्यापासून ती टिचकीला कडेवरून खाली उतरवत नव्हती. देवा, तिनं मनात म्हटलं, एक हात काप म्हणालास तर कापेन, पण उजवा की डावा ते मला नको विचारूस.

"ताई, साखर." मागून धाकटी म्हणाली.

"घालतेय की."

"दुसऱ्यांदा घालताय."

थोरलीनं चमचा खाली ठेवला. धाकटीच्या कडेवर टिचकी होती. तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ होती, कातडी फाटली नव्हती. फाटली होती फक्त बाही. डॉक्टरांनी हात धुऊन, तपासून, खबरदारी म्हणून सुई टोचली होती, आणि टिचकी कुत्र्यापेक्षा डॉक्टरांवर जास्त रागावली होती.

"भुश्या भू," टिचकी म्हणाली. "डॉक्टर वाईट."

"ऐकलंस?" थोरली हसली. पण धाकटी हसली नाही.

"ताई, तुम्ही माझ्याशी वाईट वागला नाहीत कधी. म्हणून तुम्हाला आधी सांगते. काल मी दोन पावलं लांब होते. दोन. ती नुसती मागून गेली आणि त्याच्या गळ्यात पडली, रोज पडते तशी. आणि तो..." तिचा आवाज अडकला. ज्या आवाजावर सबंध रेल्वे स्थानक चालतं, तो आवाज.

कारण धाकटी स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. तिच्या एका वाक्यावर माणसं पोरंबाळं, बोचकी उचलून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर पळत सुटत. घरी मात्र तिच्या आवाजाला कुणी विचारत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

या घरात सकाळी करवतीचं यंत्र सुरू झालं की कानाचा उपयोग फक्त पेन्सिल अडकवायला. तीन पिढ्या हे लोक हातांनी बोलत आले. तळहात उभा केला की थांब. दोन बोटं वाकवली की इकडे ये. मुठीवर मूठ आपटली की जेवायला चला. पुढे ती सवय इतकी अंगात मुरली की यंत्रं बंद असतानाही सुटेना. जेवताना मीठ हवं असेल तर चिमूट दाखवायची, पाणी हवं तर अंगठा. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला वाटलं होतं, या घरात सगळ्यांचं सगळ्यांशी भांडण आहे. नंतर कळलं तेव्हा तिनं जाहीर केलं, "मी काही हातवारे करणार नाही. देवानं तोंड दिलंय." आणि खरंच कधी केले नाहीत.

चहा कपात ओतेपर्यंत बाहेरून गुणगुणणं ऐकू आलं. देवाचं गाणं, मधूनच कुणाला तरी शिवी, पुन्हा देवाचं गाणं. आत्या आली होती. आत्या म्हणजे म्हाताऱ्या आप्पांची मोठी बहीण. आप्पा या घराचे आणि कारखान्याचे कर्ते, सगळं गाव त्यांना वचकून, आणि आत्या त्यांना हाक मारायची ती "बाळ".

"कुठाय तो गुन्हेगार?" चपला काढता काढता तिनं विचारलं. "आणि कुठाय माझं बाळ?"

बैठक कारखान्यातच बसली, कारण घरात एवढी माणसं मावली असती तरी एवढा राग मावला नसता. सिमेंटच्या जमिनीवर लांबलचक सुतारी बाक, त्याच्या एका बाजूला आत्या. आप्पा आपल्या नेहमीच्या स्टुलावर, रंधा मारायच्या बाजूला, पाठ यंत्रांकडे. थोरला मुलगा प्लायवूडच्या थप्पीला टेकून. धाकटा पॉलिशच्या कोपऱ्यात, हवेच्या कॉम्प्रेसरशेजारी, कारण काळजीत असला की त्याला हातात काहीतरी खुडबुडायला लागे. धाकटी लेकीला घेऊन दाराच्या सगळ्यात जवळ. आणि भुश्या पलीकडे खिडकीखाली, यंत्राच्या पायाला बांधलेला, सगळ्यांकडे पाठ करून झोपलेला. जणू खटला दुसऱ्याच कुणावर होता.

थोरलीनं चहा फिरवला. आप्पांसमोर कप ठेवताना तिनं आधी त्यांच्या डोळ्यांसमोर हात नेला. असं का करते हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मागून कप ठेवला तर आप्पा दचकत आणि खेकसत, एवढं तिला माहीत होतं.

"बोला," आत्या म्हणाली.

आप्पांनी गळा साफ केला. "बोलायचं काय त्यात? गुरगुरणारं जनावर लेकराच्या घरात नको. लाकूडवाल्याच्या मळ्यावर सोडून या. संपला विषय."

"अहो आप्पा, मळ्यावर मोठी कुत्री आहेत," थोरला म्हणाला. "फाडतील त्याला. म्हातारा झालाय तो."

"हं. चांगला भरलाय यंदा," आप्पा म्हणाले.

"काय भरलाय?" आत्यानं विचारलं.

"मळा," आप्पा म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

आत्यानं थोरलीकडे बघितलं, थोरलीनं आत्याकडे. पण त्या घाईत ती नजर तशीच विरून गेली.

"आप्पा बरोबर बोलतायत," धाकटी म्हणाली. आप्पा आपल्या बाजूनं आहेत हे चार वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे तिलाही ते जरा विचित्र वाटलं असावं. "मला कुणाचा जीव घ्यायचा नाही. पण हा प्राणी कधी काय करेल त्याचा नेम नाही. कालपर्यंत गाय होता गाय. आणि काल एकदम!"

"एकदम नाही," थोरला हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

थोरल्यानं मान खाजवली. "म्हणजे, मागच्या महिन्यात मी त्याच्या अंगाखालचं पोतं ओढलं तेव्हा तो माझ्यावरही गुरगुरला होता. झोपेत होता. म्हटलं, म्हातारपण आहे. उगाच कशाला सांगा."

"दादा!" धाकटीचे डोळे मोठे झाले.

आता धाकटा कॉम्प्रेसरची नळी पिळत जमिनीकडे बघायला लागला. हे लक्षण तिला चांगलं माहीत होतं. "तुमचं काय?" तिनं विचारलं.

"अगं, तसं काही नाही."

"अहो, तुमचं काय?"

"त्याच्या पाठीवर पॉलिशचा डाग पडला होता. मागून फडक्यानं पुसायला गेलो. त्यानं नुसतं वळून दात दाखवले. लगेच ओशाळला बिचारा, हात चाटला माझा. म्हणून मी..."

"म्हणून तुम्ही बायकोला सांगितलं नाहीत."

थोरलीला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर जन्मभर गप्प बसावं लागेल. "मलाही दिसलं होतं," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात. टिचकीनं त्याची शेपटी धरली, तो गुरगुरला. मी तिला उचललं आणि घरात नेलं. तुला सांगणार होते. पण मग वाटलं, तू घाबरशील, आणि..."

"आणि कुत्रा जाईल," धाकटीनं वाक्य पुरं केलं.

"हो," थोरली म्हणाली. "आणि कुत्रा जाईल."

आत्यासुद्धा गुणगुणायची थांबली.

"म्हणजे सबंध घराला माहीत होतं," धाकटी सावकाश म्हणाली. गाडी रद्द झाल्याची घोषणा ती अशीच करत असणार. "जो तो त्याला पाठीशी घालत होता. आणि ज्या बाईची पोर त्याच्या गळ्यात पडते, तिला एकटीला माहीत नव्हतं."

"चुकलं, पोरी," आत्या म्हणाली. "सगळ्यांचंच चुकलं."

"नाही आत्या, चूक नाही ही. मला कळतं हो. तो तुमच्या घरचा, मी बाहेरची. त्याला स्वतःलाही ते माहीत आहे. तुम्ही दोन बोटं वाकवली की शेपटी हलवत येतो. मी घसा फोडून हाका मारते, तो मान वळवत नाही. पहिली एकदोन वर्षं यायचा तरी. टिचकी झाल्यापासून तेही बंद. तुम्हीच म्हणता ना सगळे, मत्सर वाटतो त्याला? मग मत्सर वाटणाऱ्याच्या तोंडाशी मी लेकरू का ठेवू?"

टिचकी आईच्या गळ्याशी बिलगली. थोरलीच्या मनात आलं, हिचं दुःख कालचं नाही. कालचा कुत्रा हे नुसतं निमित्त. चार वर्षं ही बाई या घरात हाका मारतेय, आणि आपण सगळे हात हलवून एकमेकांना उत्तरं देतोय.

"अगं ऐक ना," धाकटा उठला, आणि उठता उठता त्याच्या हातातल्या नळीची जोडणी निसटली.

कॉम्प्रेसरच्या टाकीत कालची हवा भरून होती. फाडकन आवाज झाला, बंदुकीच्या बारासारखा, आणि मागोमाग फुस्सकन शिट्टी. नळी सापासारखी हवेत उसळली. आत्या "देवा!" म्हणून स्टुलावरून अर्धी उठली. थोरल्याच्या हातातला चहा थोरल्याच्याच शर्टावर सांडला. टिचकीनं भोकाड पसरलं. खिडकीबाहेरची कबुतरंसुद्धा उडाली.

धाकट्यानं धडपडत वाल्व बंद केला. "काही नाही, काही नाही! हवा होती नुसती!"

आणि मग थोरलीनं ते पाहिलं.

भुश्या खिडकीखाली तसाच झोपला होता. कान हलला नाही. शेपटी हलली नाही. पोट शांतपणे वरखाली होत होतं.

"अहो," ती म्हणाली. "भुश्या बघा."

सगळ्यांनी भुश्याकडे पाहिलं. धाकटीनंही पाहिलं. मग आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली, "आणि बाळाकडे बघा."

आप्पा बिस्किट चहात बुडवत होते. एकाग्रपणे, मोडू न देता. ते तोंडात गेल्यावर त्यांनी मान वर केली, तर सगळे उभे, कुणाच्या शर्टावर चहा, पोर रडतेय.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं. "सगळ्यांना एकदम मुंगी चावली की काय?"

आत्या उठली, आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "बाळ, तू लहानपणी बाबांच्या रंध्याचं पातं मोडलंस आणि नाव माझं घेतलंस."

आप्पा चहा पीत राहिले.

"बाळ, तुझे दरवाजे वाकडे असतात."

थोरल्यानं तोंडावर हात दाबला. आप्पांच्या तोंडावर त्यांच्या दरवाज्यांना कुणी वाकडं म्हटलं आणि तो माणूस धड परत गेला, असं आजवर घडलं नव्हतं.

आत्यानं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पा ताडकन वळले. "मागून हात लावू नका रे! किती वेळा सांगायचं!" ते खेकसले, आणि बहिणीचं तोंड बघून ओशाळले.

"हे बघा," आत्या सगळ्यांना म्हणाली. "हेही गुरगुरलं. याला कुठल्या मळ्यावर सोडायचं?"

थोरल्याला हसू आवरेना, मग धाकट्यालाही. आप्पांना काय चाललंय ते अजून कळलं नव्हतं, म्हणून ते जास्तच चिडले. त्यामुळे हसू आणखी वाढलं. आत्यानं त्यांच्यासमोर जाऊन, तोंड मोठं करून विचारलं, "तुला ऐकू येत नाही, हे तू आम्हाला कधी सांगणार होतास?"

"मला चांगलं येतं ऐकू. समोर बोलाल तर येतं. तुम्ही पुटपुटता सगळे. अलीकडे माणसं पुटपुटायलाच लागलीत."

"आणि यंत्रं?"

आप्पांनी बाकावर हात फिरवला. "यंत्रंही पुटपुटतात," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

जन्मभर ज्यांच्या मागे करवत ओरडली, त्यांना सगळं जग पुटपुटतंय असं वाटावं यात नवल काय? आणि जे घर हातांनी बोलतं, त्या घरात एखाद्याचे कान गेले तरी कुणाच्या लक्षात येणार? दुसऱ्या कुठल्याही घरात आप्पा दोन दिवसांत पकडले गेले असते. भुश्या तर एका दिवसात. इथे दोघेही मजेत होते. तळहात दिसला की थांबायचं, बोटं वाकली की यायचं. या घरात बहिरं होणं कुणालाही जमलं असतं, फक्त कुणी मागून येता कामा नये.

हे सगळं थोरलीच्या डोक्यात हळूहळू उलगडत होतं. पोतं ओढलं ते मागून. फडकं लावलं ते मागून. शेपटी धरली ती मागून. त्या प्रत्येक वेळी तो आपल्या मुक्या अंधारात होता, आणि अचानक कुणीतरी त्याला धरलं.

पण तिच्याआधी धाकटी हलली. तिनं टिचकीला नवऱ्याच्या हातात दिलं. बाकाला वळसा घालून ती पुढे गेली आणि भुश्यापासून बऱ्याच अंतरावर, दोरी पोहोचणार नाही अशा बेतानं, उभी राहिली.

"भुश्या," तिनं हाक मारली. स्वच्छ, खणखणीत. सबंध फलाट वळून बघेल अशी.

काही नाही.

"भुश्या!"

काही नाही. ती तिथेच बसली, सिमेंटच्या जमिनीवर, रविवारच्या चांगल्या साडीत.

"म्हणजे हा माझंच ऐकत नव्हता असं नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, मला मोजत नाही हा. रागच करायचे मी याचा, ताई. जेवण टाकतानासुद्धा रागानं टाकायचे." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काल हा आमच्यावर धावला नाही हो. हा घाबरला होता."

आता तुम्ही म्हणाल, झालं, संपलं, कुत्रा सुटला. पण ज्या बाईनं त्याला भुशातून काढलं होतं, तीच उठून उभी राहिली.

"तरी तो जाईल," थोरली म्हणाली.

"वहिनी?" धाकटा चकित झाला.

"घाबरला असेल. मला त्याची कीव येते. पण घाबरलेल्याचे दातही तेच आणि रागावलेल्याचेही तेच. टिचकीला काय कळतंय मागून आणि पुढून? उद्या हात नाही, गाल असला तर? मी सगळं दिसत असून एकदा गप्प बसले. परत नाही बसणार. मी स्वतः त्याला घेऊन जाते. मळ्यावर नाही. माझ्या भावाकडे जागा आहे, लेकरं नाहीत."

बोलताना तिचा आवाज सरळ होता. चहाचे रिकामे कप उचलायला तिनं हात पुढे केला, तेव्हा मात्र कप कपावर खडखडले, आणि ते आप्पा सोडून सगळ्यांनी ऐकलं.

धाकटी जमिनीवरूनच वळली. "तुम्ही जाऊ देणार? तुम्ही?"

"तू राहणार असशील तर."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. या घरात आल्यापासून कुणी आपल्यासाठी काय सोडलं याचा हिशेब ती कधी करत नव्हती, कारण तिला वाटायचं तिथे काही नसेलच.

"ताई, बसा खाली," ती म्हणाली. "दादा, तुम्ही पण बसा. आता मी बोलते, आणि कुणी हात हलवायचे नाहीत. नीट ऐका. आप्पा, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघा."

आप्पा मुकाट तोंडाकडे बघू लागले.

"कुत्रा आधी डॉक्टरांकडे जाईल, उद्याच. आप्पा त्यांच्या डॉक्टरांकडे, तेही उद्याच."

"मी कशाला?"

"दोघांना एकाच डॉक्टरांकडे नेऊ का?"

"बरं, जातो," आप्पा म्हणाले.

"दुसरं. तीन पिढ्या दरवाजे करताय आणि माझ्या घरात स्वयंपाकघराला दरवाजा नाही. मला अर्धा दरवाजा हवा, माझ्या कमरेएवढा, आतून कडीचा. तो त्या बाजूला, टिचकी या बाजूला. जवळ असतील तेव्हा मोठं माणूस मध्ये. मोबाईल बघणारं नव्हे, त्या दोघांकडे बघणारं. त्याच्या झोपण्याच्या जागी तिनं जायचं नाही, म्हणजे नाही. आणि हे जमलं नाही, एकदा जरी कुणी विसरलं, तर तो ताईंच्या भावाकडे जाईल आणि तेव्हा कुणी रडायचं नाही. मीसुद्धा नाही."

"आणि तिसरं?" आत्यानं विचारलं. तिला आता मजा यायला लागली होती.

"तिसरं म्हणजे यापुढे तो कुणावरही गुरगुरला, तर ते मला कळलं पाहिजे. आधी मला."

थोरला उठला, पट्टी घेतली आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघराच्या चौकटीचं माप घ्यायला गेला. त्याच्या घरात क्षमा मागायची तीच रीत होती.

सोमवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी भुश्याच्या मागे टाळ्या वाजवल्या, पितळी घंटी वाजवली, आणि मान हलवली. कान गेलेले, वयानं. शिवाय मागच्या पायांचे सांधे धरलेले, त्यामुळे शेपटीकडे हात गेला की दुखायचं. त्यांनी सांध्यांसाठी औषध दिलं आणि धाकटीची दुसरी अट ऐकून म्हणाल्या, "मी सांगणार होते तेच तुम्ही आधी सांगितलंत. एवढंच लक्षात ठेवा, तो कितीही शहाणा असला तरी लेकराला त्याच्या भरवशावर सोडायचं नाही." आप्पांच्या डॉक्टरांनी आप्पांना यंत्र दिलं. ते कानात घालून आप्पा कारखान्यात आले, करवत सुरू केली, आणि ती लगेच बंद करून म्हणाले, "एवढा आवाज करते ही? आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

राहिला प्रश्न टिचकीचा. अर्धा दरवाजा झाला, सुंदर झाला, पण दरवाज्याच्या फटीतून हात घालायचा नाही हे तिला कोण शिकवणार? हाक मारून त्याला उठवावं, तर त्याला ऐकू येणार नाही. घरातल्या खोलीची जमीन फळ्यांची, आप्पांनी स्वतः ठोकलेली. एके दिवशी बिस्किट मिळालं नाही म्हणून टिचकीनं त्या फळीवर रागानं पाय आपटला. दरवाज्यापलीकडे झोपलेल्या भुश्यानं डोळे उघडले, मान वळवली, ती कोण आहे ते पाहिलं, आणि शेपटीनं जमीन झाडली. आवाज नाही, पण फळीतून धक्का पोहोचला.

धाकटी लेकीशेजारी वाकली. "परत आपट बरं."

टिचकीला आयुष्यात पहिल्यांदाच पाय आपटायची परवानगी मिळत होती. तिनं दोन्ही पाय आपटले. भुश्या उठून बसला.

"हं. आधी पाय आपटायचा. मग थांबायचं. तो आपल्याकडे बघतोय का बघायचं. बघितलं तर आईला सांगायचं, आणि मग आपण दोघी जायचं. नाही बघितलं तर?"

"नाही जायचं," टिचकी म्हणाली, आणि पुन्हा पाय आपटला.

तेव्हापासून त्या घरात सगळे पाय आपटत चालतात. थोरली चहा घेऊन येते ती आपटत, थोरला लाकूड घेऊन येतो तो आपटत. आत्या येते तेव्हा तर शेजारपाजारचेही वळून बघतात. आप्पा कानातलं यंत्र काढून ठेवतात पुष्कळदा, म्हणतात जग पुटपुटतच बरं होतं, पण पायाचा धक्का लागला की तेही मान वर करतात, आणि मागून कुणी हात लावला तरी खेकसत नाहीत. परका कुणी आला तर त्याला वाटतं, या घरात सगळ्यांचं सगळ्यांशी भांडण आहे.

आता उठाल, आपापल्या घरी जाल. वाटेत कुठेतरी एखादं कुत्रं तुमच्यावर दात काढेल, किंवा घरातलंच एखादं माणूस. भुश्याला विसरलात तरी चालेल, तो काही रुसायचा नाही. आप्पांना विसरलात तर तेही रुसायचे नाहीत, कारण त्यांना कळणारच नाही. पण माझ्यासाठी एवढं करा, त्या धाकटीची आठवण ठेवा. लेकीच्या हातावरची लाल रेघ पुसली गेली नव्हती, तेव्हा ती त्या दातांसमोर जमिनीवर बसली, आणि म्हणाली, हा घाबरला होता. आणि मग उठून, डोळे पुसून, तिनं दरवाजा मागितला.